गर्भवतीने ‘नाही’ म्हटलं, तर कुणाचं ऐकायचं?

प्रश्न: मी नागपूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. कळा सुरू असलेल्या एका बाईच्या बाळाचे ठोके मधूनच कमी होत होते, पण सिझेरियनसाठी नागपूरला जायला ती तयार नव्हती. नवरा आणि सासरे सही करायला तयार होते. अशा वेळी आई आणि बाळ असे दोन पेशंट धरून बाळाच्या बाजूने निर्णय घ्यायचा का? दुसरं, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रिपोर्ट घरच्यांना सांगायचा का? आणि तिसरं, अठराच्या आतली गर्भवती आली की पोलिसांना कळवावं लागतं आणि मग ती पोरगी पुन्हा फिरकतच नाही. त्याचं काय करायचं?

उत्तर: नवऱ्याच्या सहीवर तिला ॲम्ब्युलन्समध्ये चढवता येत नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेली, शुद्धीवर असलेली, आपण काय बोलतोय ते समजू शकणारी बाई असेल, तर तिच्या अंगावर होणाऱ्या उपचाराला संमती देणारं माणूस एकच: ती स्वतः. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हे अगदी स्वच्छ सांगितलं आहे. त्या पेशंटने फक्त तपासणीसाठीच्या लॅप्रोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीने पोटात बघायला, होकार दिला होता. भूल दिलेली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकलं. न्यायालय म्हणालं, पेशंट सज्ञान होती, जिवावर बेतणारी तातडी नव्हती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची संमती म्हणजे तिची संमती नव्हे. आता आईच्या जागी नवरा आणि सासरे ठेवून बघा.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या गर्भपाताच्या कायद्यात १९७१ पासूनच फक्त त्या स्त्रीची संमती मागितलेली आहे. नवऱ्याचा त्यात उल्लेखही नाही. तरी आजही नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांपासून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत ‘मालकांना घेऊन या, मग बघू’ हे वाक्य ऐकू येतं. याला थोडं कारणही आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमावलीत, ज्या शस्त्रक्रियेने वंध्यत्व येऊ शकतं तिला नवरा-बायको दोघांची संमती हवी, असं एक कलम आहे. दुसरीकडे सरकारच्याच कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेच्या निकषांत जोडीदाराची संमती आवश्यक नाही असं लिहिलंय. माणूस गोंधळतो आणि मग दोन सह्या घेऊन मोकळा होतो. माझं मत विचाराल, तर नवऱ्याची सही ‘मला माहिती दिली आहे’ एवढ्यापुरती जरूर घ्या. घरच्यांना बाजूला टाकून आपल्याकडे कुठलंच बाळंतपण नीट होत नाही, आणि नंतर रक्त आणायला, औषध आणायला तोच धावणार असतो. पण ती सही नाही म्हणून काम अडता कामा नये, आणि ती सही आहे म्हणून तिच्या नकारावरून नांगरही फिरवता कामा नये.

आता दोन पेशंटचं. बाळ आपला पेशंट नाही असं कुठलीही प्रसूतितज्ज्ञ म्हणणार नाही. त्याचे ठोके ऐकण्यातच आमची रात्र जाते. पण त्या पेशंटपर्यंत जायचा रस्ता दुसऱ्या पेशंटच्या शरीरातून जातो, आणि ती बोलू शकते. ‘आई विरुद्ध बाळ’ अशी मांडणी केली की आपण आपोआप बाळाचे वकील होतो आणि ती आरोपी. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या बहुतेक भांडणांत आई आणि बाळ समोरासमोर नव्हतेच. एका बाजूला घाईत असलेले डॉक्टर नाहीतर घाबरलेले सासरचे होते, आणि दुसऱ्या बाजूला जिला कोणी नीट विचारलंच नाही अशी बाई. बाळ वाचावं असं तिला आपल्यापेक्षा जास्त वाटत असतं.

जबरदस्तीचा शेवट काय होतो ते जगाने पाहिलंय. १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात कॅन्सरने शेवटच्या टप्प्यात असलेल्या, साधारण सव्वीस आठवड्यांच्या गर्भवतीवर न्यायालयाच्या आदेशाने सिझेरियन केलं गेलं. बाळ काही तासांत गेलं, ती दोन दिवसांनी गेली. १९९० मध्ये वरच्या न्यायालयाने तो आदेश चुकीचा ठरवला, पण तेव्हा उशीर झाला होता. आणि उलट बाजूने पाहायचं तर बेळगावची सविता हलप्पनवार आठवा. २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेला सतरा आठवड्यांचा गर्भ पडत असताना ती गर्भपात मागत होती. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टर थांबले आणि जंतुसंसर्गाने ती गेली. बाळ तर कुठल्याच परिस्थितीत वाचणार नव्हतं.

आपल्या मशीनवरच्या खात्रीबद्दलही थोडं. ठोके कमी होणं म्हणजे बाळ गुदमरतंयच, असं नसतं. ठोक्यांच्या पट्टीवर घाबरून केलेल्या कितीतरी सिझेरियनमध्ये बाळ गुलाबी, रडत बाहेर येतं. याचा अर्थ पट्टीकडे दुर्लक्ष करा असा नाही. अर्थ एवढाच, की ‘आत्ता नाही केलं तर बाळ मरेलच’ हे वाक्य तिच्या तोंडावर फेकायच्या आधी ते आपल्याला खरंच माहीत आहे का, हे स्वतःला विचारायचं. धोका आहे तेवढाच सांगायचा, वाढवून नाही. भीती घालून मिळवलेला होकार कागदावर दिसायला चांगला असतो, पण ती संमती नसते.

नकाराचं कारण शोधणं हे या सगळ्यातलं खरं काम. एका शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या लेबर रूममधली गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. बालाघाटकडची बाई, दुसरं बाळंतपण, पहिलं सिझर, आता जुन्या टाक्यांवर दुखायला लागलेलं. रेसिडेंट पोरं समजावून समजावून थकली. मग आवाज चढले, ‘पोट फाटलं तर आमच्यावर येऊ नको’ इथपर्यंत. बाई फक्त मान हलवत होती. तिच्या वतीने बोलत होता तो तिचा दीर, आणि तो सांगत होता की ‘हिला काही समजत नाही, तुम्ही करून टाका’. ड्युटीवर एक जुन्या सिस्टर होत्या. त्यांनी दिराला बाहेर पाठवलं, तिच्या उशाशी स्टूल ओढून बसल्या आणि तिच्या हिंदीत विचारलं, ‘पिछली बार क्या हुआ था, बाई?’ ती रडायला लागली. मागच्या वेळी कुठल्याशा दवाखान्यात पाठीतलं इंजेक्शन नीट लागलंच नव्हतं. चिरताना तिला सगळं कळत होतं, ती ओरडत होती आणि लोक तिचे हात धरून होते. तिचा नकार सिझरला नव्हता, त्या टेबलाला होता. भूलतज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, बर्फ लावून बघीन, चिमटा घेऊन बघीन, तू ‘काही कळत नाही’ म्हटल्याशिवाय कुणी सुरी लावणार नाही, आणि नाहीच जमलं तर पूर्ण झोपवीन. तिने अंगठा दिला. सगळं मिळून चहा थंड व्हायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल.

म्हणून नातेवाइकाकडून भाषांतर करून घेऊ नका. नागपुरात मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांत छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोलीच्या बाया येतात. कुणाला गोंडी येते, कुणाला छत्तीसगढी. वॉर्डातल्या आयाबाई, मावशी, शेजारच्या खाटेवरची बाई, कुणीही चालेल, पण निर्णयात ज्याचा हात अडकलाय तो माणूस नको.

एवढं करूनही ती नाही म्हणाली तर? तर तिचा नकार टिकतो. पण नकार टिकतो म्हणजे आपली सुट्टी होत नाही. इथेच बहुतेक जण चुकतात: नकाराच्या फॉर्मवर सही घेतली की जणू पेशंट आपली राहिली नाही. उलट आता तिला तुमची जास्त गरज आहे. तिला कुशीवर वळवा, कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन चालू असेल तर बंद करा, ठोके ऐकत राहा, बाळ बाहेर आल्यावर श्वास द्यायची तयारी मांडून ठेवा, १०८ ला कळवून गाडी दारात उभी ठेवा. दर थोड्या वेळाने पुन्हा विचारा, त्याच शांतपणे, ‘आता काय वाटतंय?’ माणसाला मत बदलायला जागा लागते. धमकी दिली असेल तर मत बदलणं म्हणजे हरणं होऊन बसतं. वरिष्ठांना फोन लावा, जमलं तर तिला थेट त्यांच्याशी बोलू द्या. आणि केसपेपरवर ‘रिफ्यूज्ड’ एवढा एकच शब्द नको. काय सांगितलं, कुठल्या भाषेत, कोण हजर होतं, ती कोणत्या शब्दांत नाही म्हणाली, पुन्हा किती वाजता विचारलं, हे सगळं लिहा. ते तुमच्याही बचावाचं आहे.

एकच अपवाद, आणि तो खरोखरच्या तातडीचा. एक्लॅम्प्सियाचे, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून येणारे, झटके येऊन बेशुद्ध आली, कोणाला विचारायची सोय नाही, तर झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट द्यायला कुणाच्या सहीची वाट बघायची नाही. जीव वाचवायला जे लागतं ते करायचं, तेवढंच करायचं. त्याच टेबलावर ‘आता पोट उघडलंच आहे तर नळ्याही बांधून टाकू’ हे चालणार नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवा, रेसिडेंटना तो नेहमी अवघड जातो. नाही म्हणायचा हक्क जवळजवळ पूर्ण असतो, मागण्याचा तसा नसतो. मुहूर्तावरचं सिझर घ्या. गुरुजींनी पहाटेची वेळ काढून दिलेली असते, सदतिसावा आठवडा लागलेला असतो, आणि सगळं घर हट्टाला पेटलेलं असतं. एकोणचाळीस आठवड्यांच्या आत, काही कारण नसताना काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते, म्हणून तिथे मी नाही म्हणते. एकोणचाळिसाव्यानंतर, सिझर करायचंच ठरलेलं असेल, तर सकाळी आठऐवजी साडेदहा करायला माझी हरकत नसते, त्याने कुणाचं काही जात नाही. पण तिथेही आधी तिला एकटीला विचारते, कारण मुहूर्त बहुधा तिचा नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली होती, सरकारी ठिकाणी १४.३ टक्के. हा सगळा फरक बायकांच्या मागणीचा आहे, असं आमच्या मंडळींपैकी कुणी म्हटलं की मला हसू येतं.

आणि संमती म्हणजे फक्त ऑपरेशनचा फॉर्म नव्हे. आतून तपासताना सांगणं, टाक्याचा छेद घेण्याआधी सांगणं, विद्यार्थ्यांनी तपासलं तर चालेल का हे विचारणं, ‘चालणार नाही’ म्हटल्यावर तोंड वाकडं न करणं, हे सगळं त्यातच येतं. शिकवणाऱ्या रुग्णालयात एकाच बाईला पाच-सहा जण तपासतात आणि तिला एकाचंही नाव माहीत नसतं. गरीब आहे, फुकट उपचार घेतेय, म्हणून तिचं शरीर शिकवणीसाठी मोकळं आहे, असं कुठेही लिहिलेलं नाही. ओरडणाऱ्या बाईच्या मांडीवर चापट मारणं हा तर सरळ मारहाणीचा प्रकार आहे, त्याला ‘प्रेमाने रागावलो’ म्हणायचं बंद झालं पाहिजे. गर्भ राहू नये म्हणून बसवायच्या तांबीचंही तेच. कळा चालू असताना ‘तांबी बसवू न?’ विचारलं आणि तिने ‘हो हो’ म्हटलं, तर त्या होकाराला अर्थ नाही, त्या वेळी ती कशालाही हो म्हणेल. हे बोलणं गरोदरपणाच्या तपासणीतच व्हायला हवं. दर महिन्याच्या ९ तारखेला तुमच्याकडे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होतेच. बीपी, हिमोग्लोबिन झालं की दोन मिनिटं तिला एकटीला गाठा आणि विचारा: सिझर लागलं तर कशाची भीती वाटते? सोबत कोण हवं? तांबी, ऑपरेशन, काही नको, काय मनात आहे? ज्या बाईला तुम्ही आठव्या महिन्यात हे विचारलंय ती कळांमध्ये तुमचं ऐकते. तुमच्या त्या पेशंटबाबत मला पहिली शंका हीच आली, की तिला हे सगळं पहिल्यांदा त्या रात्रीच कळलं असावं.

सिकलसेलकडे येते. विदर्भातल्या डॉक्टरला हा विषय टाळता येत नाही. सोल्युबिलिटी ही रक्ताची पहिली साधी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे वाहक (स्वतः आजारी नाही, पण दोष मुलांना देऊ शकणारी व्यक्ती) की रुग्ण हे कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते, हे तुम्हाला माहीतच आहे. नवरा-बायको दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. ‘पहिलं चांगलं झालं म्हणजे आता काही होत नाही’ हे खरं नाही, दर वेळी तेच गणित नव्याने. गर्भाचं निदान साधारण दहा ते तेरा आठवड्यांत वार तपासून, किंवा पंधराव्यानंतर गर्भजल काढून करता येतं. गर्भलिंग निदानाच्या १९९४ च्या कायद्यानेही रक्ताच्या अशा आनुवंशिक आजारांसाठी ही तपासणी करायला मोकळीक दिली आहे, लिंग मात्र सांगायचं नाही. म्हणून टेस्ट पहिल्या तीन महिन्यांतच व्हायला हवी. सहाव्या महिन्यात दोघे वाहक निघाले, तर तुम्ही तिच्यापुढे निवड ठेवत नाही, फक्त काळजी ठेवता. आणि आडनाव बघून टेस्ट लिहू नका. सगळ्यांची करा.

रिपोर्ट कुणाला सांगायचा? ज्याचं रक्त, त्याला. ओपीडीत सासू पदर सावरत पुढे येते आणि विचारते, ‘पोरीकडूनच आलं न हे?’ ती बाई वाहक आहे हे सासूला सांगायचा अधिकार तुम्हाला नाही, आणि नवरा वाहक आहे हे त्याच्या परवानगीशिवाय बायकोलाही सांगता येत नाही. दोघांना आधी वेगवेगळं विचारा, ‘एकत्र बसून बोलू का?’ बहुतेक जण हो म्हणतात. मग सासूला सांगण्यासारखी एकच गोष्ट उरते, आणि ती कुणाचाही रिपोर्ट न उघडता सांगता येते: हा आजार बाळाला व्हायला आई-बाप दोघांकडून यावा लागतो, एकट्या सुनेकडून येत नाही. हे वाक्य मी मुद्दाम मोठ्याने सांगते, म्हणजे बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जातं. कधी कधी रिपोर्ट जुळतच नाहीत. मूल रुग्ण आणि नवऱ्याच्या रक्तात सिकल नाहीच. अशा वेळी आधी लॅबची चूक तपासा, दुसरे दुर्मीळ दोष तपासा, आणि जे काही निघेल ते फक्त तिच्याशी, दार लावून बोला. एचआयव्हीबाबत २०१७ च्या कायद्यात हे स्पष्टच लिहिलंय: जोडीदाराला सांगितल्याने बाईला मारहाण होईल किंवा टाकून देतील अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरने सांगायचं नाही. सिकलसेलला तो कायदा लागू नाही, पण त्यामागची समज लागू आहे. आशाताईंच्या वहीतली वाहकांची यादी भिंतीवर लागलेली मी पाहिली आहे. तुमच्याकडे असेल तर आजच काढा.

गर्भ रुग्ण निघाला तर काय करायचं, हे तुम्ही ठरवू नका. ‘असं मूल ठेवून काय करता’ असं म्हणणारे डॉक्टर आहेत, आणि ‘पाप आहे’ म्हणणारेही आहेत. दोघेही तिच्या जागेवर बसतात. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध, लसी, वेळेवर उपचार यांनी आज पुष्कळ मुलं मोठी होतात, शिकतात. काहींना मात्र सतत दुखणं, सतत भरती. दोन्ही सांगा. आणि जी स्वतः सिकलसेलची रुग्ण आहे तिला ‘तू मूल होऊच देऊ नको’ असं फर्मान सोडू नका. तिचं गरोदरपण जोखमीचं असतं, हायड्रॉक्सीयुरिया आधीच थांबवावं लागतं, बाळंतपण मोठ्या रुग्णालयात व्हावं लागतं. हे सगळं सांगून निर्णय तिच्याकडे द्यायचा.

आता अठराच्या आतली मुलगी. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, २०१२ पासून, माहिती कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लग्न झालेलं असलं तरी सुटका नाही. एक सवलत मात्र आहे: सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं, की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव, पत्ता उघड करायची गरज नाही. मूल ठेवणाऱ्या मुलीला ही सवलत लागू नाही, तिथे कळवावंच लागतं.

पण कळवणं आणि उपचार यांचा क्रम तुमच्या हातात आहे. पोक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार तातडीच्या उपचारासाठी पोलिसांचं पत्र मागता येत नाही. ‘आधी पोलिस स्टेशनला जाऊन या’ म्हणणारा डॉक्टर कायदा पाळत नसतो, मोडत असतो. आधी तपासणी, रक्त, सोनोग्राफी. मग तिला आणि तिच्या आईला बसवून सांगा, की मला हे कळवावं लागणार आहे, काय लिहिणार आहे, त्यानंतर काय होऊ शकतं. मुली पळतात त्या बहुधा पाठीमागून फोन गेलेला कळतो तेव्हा. तिच्या देखत लिहिलं, वाचून दाखवलं, तर रागावते, रडते, पण पुष्कळदा परत येते.

आई-बापांना गर्भ पाडायचाय आणि मुलीला नाही, किंवा नेमकं उलट, असंही होतं. अठराच्या आत पालकांची लेखी संमती कायद्याने लागते, पण म्हणून मुलीला न विचारता टेबलावर घ्यायचं, असा त्याचा अर्थ होत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पालकांचं आणि मुलीचं मत वेगळं असेल तर मुलीचं मत महत्त्वाचं धरलं पाहिजे. मतभेद दिसला तर एकट्याने निर्णय घेऊ नका. बाल कल्याण समितीला कळवा आणि मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांकडे स्वतः फोन करून पाठवा. गर्भपाताची आठवड्यांची मर्यादा जवळ आलेली असेल तर त्याच दिवशी.

तुमचं कळवल्याचं पत्र गेल्यावर पोलिस केंद्रात आले, तर तिची तपासणी आटोपेपर्यंत त्यांना बाहेर बसवा, तुम्हाला तो अधिकार आहे. आणि तिच्या कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख तिच्या समोर लिहा, आशाताईंना त्या दिवशी सोबत यायला सांगा.